तिसऱ्या प्रश्नाला शून्य

मंगळवारची गायनॅक ओपीडी म्हणजे बाहेर पन्नास बायका आणि आत मी एकटी फिजिओ, फॉर्म भरायला. अतिक्रियाशील मूत्राशयाचा, म्हणजे लघवीची अचानक घाई होण्याच्या आजाराचा स्कोअर, जपानी डॉक्टरांनी २००६ साली काढलेला, चारच प्रश्न, १५ पैकी मार्क. दिवसा किती वेळा, रात्री किती वेळा उठता, अचानक घाई होते का, आवरेपर्यंत कपडे ओले होतात का. तिसऱ्या प्रश्नाला किमान २ आणि एकूण ३ मिळाले तरच आजार धरायचा.

मावशी साठीच्या, सोलापूरजवळच्या कुंभारीहून आलेल्या, विड्या वळणाऱ्या. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी. दिवसा पाचेक वेळा, म्हणजे शून्य. रात्री एकदा, म्हणजे एक. "लघवीची तीव्र निकड जाणवते का?" तर म्हणाल्या, "नाही ओ मॅडम." शून्य. कपडे? मान हलवून नाही. एकूण १, झालं. (तीव्र निकड! असं घरात कोण बोलतं ते फॉर्म मराठीत करणाऱ्याला एकदा विचारायचंय.)

मी पुढचं नाव पुकारणार तोच मावशी उठल्या, टेबल घट्ट धरलं, पाय एकावर एक आवळले, अर्धा मिनिट श्वास रोखून उभ्या राहिल्या आणि पळाल्या. परत आल्यावर विचारलं, हे नेहमीचं का? "नेहमीचंच की. विड्यांचं सूप तसंच टाकून पळते. कधी मधी दारातच होतं. म्हणून पाणीच पीत नाही, संध्याकाळपर्यंत दोन पेले." पाणीच नाही तर वेळा कुठून वाढणार, आणि आमचा पहिला प्रश्न वेळाच मोजतो.

लघवीची तपासणी आणि शुगर दोन्ही नॉर्मल आले. किती वेळा जाता त्याची डायरी लिहायला दिली तर म्हणाल्या, लिहिता येत नाही. मग त्यांनीच उपाय काढला, जितक्यांदा जाईन तितकी पानं डब्यात टाकते, पळत गेले तर त्याला दोरा. तीन दिवसांनी पिशवी आली, तेंदूची फाटकी पानं १९, त्यातली दोऱ्याची ११. विडीवाल्या बाईचा हिशोब चुकत नसतो, पान कमी पडलं तर तिच्याच मजुरीतून जातं. परत फॉर्म भरला, रात्रीचा १, घाईचे ४, दारातल्याचा १, एकूण ६. बाई तीच, फक्त प्रश्न "हातातलं टाकून पळावं लागतं का?" असा विचारला.

आमच्या सरांना दाखवलं तर म्हणाले, या बायकांना नीट सांगताच येत नाही. मी गप्प बसले, नोकरी आहे.

मावशींचं मूत्राशयाचं ट्रेनिंग चालू केलंय. पण काल कपाटातले जुने फॉर्म काढून बसले, तिसऱ्या प्रश्नाला शून्यवाले सव्वीस निघाले, सगळे माझ्याच अक्षरातले. फोन नंबर बहुतेक मुलाचे नाहीतर नवऱ्याचे. काय सांगून फोन करू?