सडाफेरी : आमची वाटचाल

रत्नागिरी-राजापूरकडे येणारा पाहुणा समुद्राची ओढ घेऊन येतो. वाटेत लागणारा जांभ्या कातळाचा उघडा माळ त्याला गाडीच्या काचेतून दिसतो आणि मागे पडतो. त्या माळाला आम्ही सडा म्हणतो. लोकांना दर महिन्याला त्या सड्यावर चालायला न्यायचं, एवढाच आमचा व्यवसाय. वाट तीच, माणसं शक्यतो तीच, ऋतू मात्र दर खेपेला वेगळा.

राजापूर तालुक्यात आमचं घरगुती निवासाचं काम आधीपासून होतं. मे महिन्यात आणि दिवाळीत खोल्या भरायच्या, बाकी वर्ष शांत. मग कातळशिल्पांचा, म्हणजे सड्यांवर फार पूर्वी कोरलेल्या आकृत्यांचा, बोलबाला झाला. 2022 साली कोकणातल्या शिल्पस्थळांची नावं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही आमच्या जिल्ह्यातली. शिवाय सिंधुदुर्गातलं कुडोपी, आणि एक ठिकाण गोव्यात. फोन वाढले. आमचे हे पाहुण्यांना कशेळीचा हत्ती दाखवायला नेऊ लागले. त्या भल्या मोठ्या हत्तीच्या पोटात कितीतरी लहान प्राणी कोरलेले आहेत, ते ओळखायला तासभर तरी हवा. पण बहुतेक जण फोटो काढून लगेच गाडीकडे वळायचे.

पुढे कोल्हापूरच्या एक निवृत्त शिक्षिका ऐन श्रावणात आल्या. शिल्पांच्या रेघांत पाणी साचलेलं, भोवती गवत उभं, त्यामुळे आकृती धड दिसेना. बाई मात्र हिरमुसल्या नाहीत. छत्री बाजूला ठेवून गुडघ्यांवर बसल्या आणि कातळाच्या खळगीतलं दवबिंदूचं रोप बघत राहिल्या. नखाएवढी लालसर पानं, त्यावर चिकट थेंब, आणि एका थेंबाला अडकलेलं चिलट. या कातळावर माती जेमतेम बोटभर, तीही नापीक, म्हणून हे रोप किडे पकडून आपली गरज भागवतं. निघताना त्यांनी विचारलं, "पुढच्या महिन्यात इथे काय असेल हो? मी आले तर न्याल का?" त्या आल्या, मग बहिणीला घेऊन आल्या, मग शाळेतल्या मैत्रिणींना. आमचा गट असा जमला.

वर्षाची फी एकदम घ्यायची हे पहिल्या वर्षानंतर ठरवलं. फुलांच्या दिवसांत कोणीही येतं. मार्चमध्ये, एप्रिलमध्ये यायला मात्र आधीपासून बांधलेलं बरं असतं, आणि सडा कळायचा तर ते महिने चुकवून चालत नाही.

उन्हाळ्यात आम्ही उजाडायच्या आत निघतो आणि नवाच्या सुमारास खाली उतरतो. तेव्हा सडा काळा आणि उघडा असतो. गवत कधीच कापून नेलेलं किंवा वणव्यात गेलेलं. अशा वेळी टिटवी जमिनीवरच चार खडे गोळा करून अंडी घालते, आणि ती अंडी कातळाच्या रंगाशी इतकी मिळतात की पाऊल पडायची भीती. ती ओरडू लागली की आमची रांग लगेच बाजूने वळते. कडेच्या जाळीत करवंदं पिकलेली असतात, उतरताना सगळे तिथे रेंगाळतात.

जूनची फेरी तारखेवर ठरत नाही, पावसावर ठरते. पहिल्या सरींनंतर थोडेच दिवस दीपकाडी फुलते. पांढरी, लांब देठाची, कांद्यातून वर येणारी ही वनस्पती कोकणच्या कातळांपलीकडे फारशी कुठे सापडत नाही. आदल्या आठवड्यात जिथे चप्पल भाजत होती, तिथेच ती डुलत असते. सभासदांना आम्ही दोन-तीन दिवस आधी कळवतो. पुण्या-मुंबईची मंडळी रजा टाकून येतात, याचं मला फार कौतुक वाटतं.

मग पाऊस बसतो. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. खळग्या भरतात, त्यांची डबकी होतात, त्यात बेडकांची पिल्लं. गेंदाच्या पांढऱ्या गुंड्यांनी माळ झाकला जातो. गणपतीच्या आसपास ओलाव्यात सीतेची आसवं निळी-जांभळी उमलतात. तीही कीटकभक्षी, पण त्यांचे सापळे पाण्यात, मुळांसारख्या धाग्यांवर असतात, वरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. पाठोपाठ पिवळा कवला, गुलाबी तेरडा. ऑक्टोबरच्या उन्हात हे सगळं पंधरवड्यात वाळतं. कार्तिकात गवत कापायला माणसं वर येतात, भारे बांधले जातात, आणि कातळ पुन्हा मोकळा होतो. शिल्पं बघायची तर तेव्हाच, सकाळच्या तिरप्या उन्हात. कोरलेल्या कडांना सावली येते आणि आकृती आपोआप उठून दिसते.

फुलांसाठी साताऱ्याच्या कास पठाराचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. 2012 मध्ये ते पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात आलं, आणि गर्दी एवढी झाली की तिथे शुल्क, कुंपण, रोजच्या माणसांवर मर्यादा असं सगळं करावं लागलं. आमच्या सड्याला असं संरक्षण नाही. सातबारावर तो बहुतेक ठिकाणी पोटखराबा म्हणून लागलेला, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. या शब्दावर माझा खरा राग आहे. खराबा म्हटलं की चिरेखाण काढायला, म्हणजे बांधकामाचे जांभ्या दगड कापून न्यायला, सुरुंग लावून खड्डे पाडायला, बाहेरची माती आणून कलमं उभी करायला कोणाला वाईट वाटत नाही. चिरा आम्हालाही लागतो, आमचं घर चिऱ्याचंच आहे, आणि आंब्यावर आमच्या गावाचं पोट आहे. तरी सड्यावर पडलेलं पाणी भेगांतून झिरपून खालच्या वाडीच्या विहिरीला आणि व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, लागतं, हे लक्षात ठेवूनच कुठे खणायचं ते ठरायला हवं.

जमीन खाजगी आहे, हेही बाहेरच्यांना माहीत नसतं. सातबारावर जमिनीच्या एकेका तुकड्याला तीस-चाळीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत. सुरुवातीचे दिवस आम्ही परवानगीसाठी फोनवरच घालवले. एका घराने सांगितलं, "या, पण आमच्या राखणदाराला नारळ ठेवून जा." राखणदार म्हणजे जागा राखणारा देव. दर वर्षी पहिल्या फेरीला आम्ही त्याला नारळ ठेवतो. ज्यांच्या जमिनीतून वाट जाते त्यांना फीमधला वाटा जातो. गडग्याचा, म्हणजे दगडी कुंपणाचा, चिरा पडला तर तो आम्ही बसवून द्यायचा, हेही ठरलेलं आहे.

मध्यंतरी एका मोठ्या प्रवास कंपनीने दर रविवारी पन्नास माणसांची बस आणायची तयारी दाखवली होती. पैसे चांगले होते, आणि तेव्हा घराच्या छपराचं कामही निघालं होतं. पण पन्नास माणसं ओल्या कातळावर एका रांगेत चालत नाहीत, पसरतात, आणि पावसाळ्यात सड्यावर जिथे पाय पडेल तिथे काहीतरी उगवलेलंच असतं. आम्ही नको म्हटलं. एका फेरीला बाराच माणसं आणि बरोबर वाडीतली दोन. छपराचं काम पुढच्या मेमध्ये झालं.

वाडीतली ही माणसं आमच्या व्यवसायाचा कणा आहेत. पुढे चालणाऱ्या काकी लहानपणापासून गुरं घेऊन वर जायच्या. एका जुलैत सगळे बूट घालून तयार असताना त्या अंगणात येऊन म्हणाल्या, "वहिनी, आज वर नको. मळब उतरतंय." तासाभरात धुकं असं आलं की समोरचं आंब्याचं झाड दिसेना, आणि वर विजा. सड्यावर धुक्यात वाट चुकली की चकवा लागला म्हणतात. सगळीकडे सारखाच कातळ, उंच खूण एकही नाही, माणूस गोल फिरत राहतो. देवाचे गोठणे इथल्या शिल्पाजवळ तर होकायंत्राचा काटाही बहकतो, म्हणून आमचा भरवसा काकींच्या पायांवर आहे. ती फेरी आम्ही पुढच्या आठवड्यात केली, जादा पैसे न घेता.

दगड उलटायचा नाही, हा आणखी एक नियम. फुरसं हा विषारी साप दगडाखालीच असतो आणि आमच्या भागात तो भरपूर. घोट्याच्या वर येणारे बूट नसतील तर आम्ही नेत नाही, कोणी कितीही लांबून आलेलं असो. चार मोठ्या विषारी सापांवर चालणाऱ्या प्रतिविषात फुरसंही येतं. ते प्रतिविष जवळच्या कुठल्या रुग्णालयात आहे, याची चौकशी दर महिन्याला फेरीआधी होते.

यंदापासून काकींची सून आणि वाडीतल्या दोन मुली गट घेऊन जाऊ लागल्या आहेत. त्यांनी एक वही घातली आहे. कुठल्या डबक्यात पाणी कधी आटलं, दीपकाडी कुठे दिसली, टिटवीने कुठे घर केलं, हे तारखेनिशी त्या लिहितात. गावाच्या जैवविविधता नोंदवहीसाठी त्यातल्या नोंदी ग्रामपंचायतीकडे द्यायच्या आहेत. पुढच्या वर्षाच्या गटात थोड्या जागा आहेत. नाव द्यायचं तर वैशाखाच्या आत द्यावं, कारण एकदा मिरग लागला की आम्ही सगळे वर असतो आणि तिथे फोनला रेंज नाही.