कव्हय गयस?

वैशाखात जळगावात फरशीवर ओल दिसली की माणूस आधी सुखावतो, मग दचकतो. बाहेर 45 अंश, गॅलरीत अनवाणी पाय ठेवायची सोय नाही, आणि घरात कपाटाखालून पाण्याचा एक ओघळ शांतपणे देवघराकडे निघालेला. मी आधी माठाखाली हात घालून बघितला, मग फ्रीजमागे वाकले. वॉशिंग मशीनवर संशय अगदी शेवटी गेला, कारण ती ओघळापासून चार हात लांब, कोपऱ्यात साळसूदपणे उभी होती.

फोन केला तर मेकॅनिक चार दिवसांनी येणार होता. मशीन न बघताच त्यानं सांगून टाकलं, “रबर असेल ताई, नाहीतर पंप, नाहीतर बेअरिंग.” पुढे काही राहिलंच नाही म्हणायला.

आमचे हे भुसावळला अपडाऊन करतात, त्यामुळे दिवसा घरात मी आणि चोपड्याहून आलेले नाना, म्हणजे माझे सासरे. नानांचा जन्म केळीत गेला. सकाळी उठून ठिबकच्या नळ्या बघत फिरायचं, कुठे जॉइनर निसटलाय, कुठे खारीनं लॅटरल कुरतडलीय ते शोधायचं, हा त्यांचा मॉर्निंग वॉक. त्यांच्या रानात झाडाला थेंब मोजून मिळतो. इथे सुनेच्या घरात थेंब मोकाट सुटलेला त्यांना बघवेना. मी त्यांना ओली जागा दाखवली, तर तिकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

“माय, कव्हय गयस?”

कुठून गळतं हे नाही, कधी गळतं ते विचारत होते. मी गप्प. कारण मशीन लावली की मी तिच्याजवळ थांबतेच कशाला? त्यासाठीच तर घेतली. नाना म्हणाले, “पानी जठे दिखस, तठे गयत नही.” फरशीला उतार देवघराकडे, म्हणून ओघळ तिकडे. त्याचा उगम दुसरीकडेच.

मग मशीनखाली जुना पेपर पसरला आणि आम्ही दोघं तिच्यासमोर मांडी घालून बसलो. युक्ती साधी आहे. पाणी भरतानाच पेपर भिजला, तर मागची नळाची नळी किंवा साबणाचा कप्पा. ड्रम फिरताना भिजला, तर दाराचं रबर. पाणी बाहेर टाकताना भिजला, तर फिल्टरचं झाकण किंवा सांडपाण्याचा पाईप. पावडर जास्त पडली तर नुसता फेसही कप्प्यातून बाहेर येतो. या शेवटच्या आरोपात मी अर्धी गुन्हेगार होतेच. नानांच्या सदऱ्यांवरचे केळीच्या चिकाचे डाग जावेत म्हणून मी चमचाभर जास्तच टाकते. डाग जात नाहीत ते नाहीतच. केळीचा चीक कुठल्याही पावडरला ऐकत नाही, पण हात ऐकतो का?

पाणी भरलं, पेपर कोरडा. ड्रम फिरायला लागला आणि दहाव्या मिनिटाला पुढच्या बाजूला एक गोल डाग उमटला. नाना इतके खूश झाले, की गळती त्यांनीच लावली असावी असं वाटलं.

हे दाराचं रबर हार्मोनियमच्या भात्यासारखं चुण्याचुण्यांचं असतं. आतली टाकी स्प्रिंगांवर टांगलेली, सतत हलणारी, आणि बाहेरचा पत्रा जागेवर पक्का. दोघांना जोडणारं काहीतरी लवचीक लागणारच. बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी त्याच्या कडेवर पांढरा थर धरला होता. खालची घडी उलगडली तर आत नखाएवढी चीर. मग खालचं झाकण उघडून, परात लावून फिल्टर काढला. त्यातून दोन रुपयांचं नाणं, तीन टिकल्या आणि साडीची पिन निघाली. पिन माझी. नानांनी ती बघितली आणि काही बोलले नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

पहिला इलाज कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडचा. पॉलिश पेपरनं रबर घासलं, सोल्युशन लावलं, सायकलच्या ट्यूबचा पॅच चिकटवला. नऊ धुणी निघाली. दहाव्याला पॅच सुटून कपड्यांत आला.

मग मशीनच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर बघून नवं रबर मागवलं. तोवर नाना गावी जाऊन परतही आले होते. प्लग काढला, नळ बंद केला, मागचे स्क्रू काढून वरचं झाकण उतरवलं. आत डोकावून नाना थबकले. “मशीनमा सिमिट?” खरंच, टाकीला काँक्रीटचा ठोकळा बांधलेला. भिजलेले कपडे गरगरताना मशीननं घरभर चालत सुटू नये म्हणून हे वजन. मशीन 60-65 किलोंची का, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. दुसऱ्या मजल्यावर चढवताना हमाल काय म्हणाले होते तेही आठवलं.

पुढचा पत्रा उतरवायला, दाराच्या कुलपाची वायर सोडवायला तासभर गेला. प्रत्येक पायरीला मी मोबाईलवर फोटो काढत होते. नव्या रबराचा त्रिकोण वरच्या खुणेशी जुळवायचा आणि पाणी निथळायची भोकं बरोबर खाली आणायची. कडेला भांड्यांच्या साबणाचं पाणी लावलं की रबर सरकतं. इथवर सगळं सोपं. त्यानंतरची ती बारीक स्प्रिंगवाली तार म्हणजे शुद्ध छळ. एका बाजूनं बसवावी तर दुसऱ्या बाजूनं उडी मारते. एकदा ती फ्रीजखाली गेली, एकदा माझ्या कपाळावर आली. शेवटी नानांनी पाय भिंतीला टेकवून, परकराचा नाडा ओढावा तशी स्प्रिंग ताणली आणि मी तार चुणीत दाबली.

“आते चालू कर, माय.”

खाली पुन्हा पेपर पसरला. भरलं, फिरलं, रिकामं झालं, गरगरलं. मशीननं शेवटची शिट्टी दिली तेव्हा नानांनी वाकून पेपर ओढून घेतला, उलटसुलट करून बघितला, चष्मा लावला आणि तिथेच बसून केळीचे भाव वाचायला लागले. पेपर चार दिवसांपूर्वीचा होता. भावावरून चिडले ते मात्र आजच्यासारखे.