दिवसभर एकटी, संध्याकाळी पबमध्ये

आयर्लंडच्या नैऋत्य टोकाला, केरी परगण्यात, अ‍ॅनस्कॉल नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथल्या एका पबचं नाव 'साउथ पोल इन', म्हणजे थेट दक्षिण ध्रुव! टॉम क्रीन या इथल्याच दर्यावर्दीने नौदलातून निवृत्त झाल्यावर तो काढला. १९१२ च्या फेब्रुवारीत अंटार्क्टिकावर एका आजारी अधिकाऱ्याचा जीव वाचवण्यासाठी क्रीन बर्फातून ५६ किलोमीटर एकटा चालला. सलग १८ तास. जवळ तीन बिस्किटं आणि चॉकलेटच्या दोन कांड्या, तंबू नाही. गावी परतल्यावर मात्र तो याबद्दल फारसं बोललाच नाही. ब्रिटिश नौदलात काढलेली वर्षं त्या काळच्या आयर्लंडमध्ये मिरवण्यासारखी नव्हती. आज पबसमोर त्याचा पुतळा आहे, हातात कुत्र्याची पिल्लं घेतलेला.

आई फोनवर विचारते, "डोंगरात एकटी जातेस ते एक वेळ समजू शकते, पण पबमध्ये कशाला?" मला वाटतं, इथे या दोन गोष्टी वेगळ्या करताच येत नाहीत.

'डिंगल वे' ही ट्रॅली गावातून निघून सबंध डिंगल द्वीपकल्पाला वळसा घालून परत येणारी सुमारे १८० किलोमीटरची पायवाट. मी चालले ते कॅम्प नावाच्या गावापासून अ‍ॅनस्कॉल आणि तिथून डिंगल. पहिला टप्पा साधारण १७ किलोमीटरचा, दुसरा २२ चा. काळ्या खांबांवर पिवळा चालणारा माणूस रंगवलेला असतो, त्याच्या मागे जायचं. वाट दलदलीच्या माळावरून जाते, मग उतारावर आलात की खाली इंचचा किनारा दिसतो, समुद्रात कित्येक किलोमीटर आत घुसलेली वाळूची जीभ. तिथे मी बराच वेळ बसून राहिले. वाऱ्याशिवाय आवाज नव्हता आणि कुणाशी बोलायची गरजही वाटत नव्हती. ग्रुपबरोबर सह्याद्रीत फिरताना हे मला कधी मिळालं नव्हतं.

पुढे गडगेच गडगे. चुना-माती न लावता नुसते रचलेले दगड, त्यांवर फ्युशियाची लाल फुलं, पलीकडे मेंढ्या. वाटेचा बराच भाग शेतकऱ्यांच्या खासगी जमिनीतून जातो. चालण्याचा हक्क म्हणून नाही, त्यांनी परवानगी दिली आहे म्हणून. त्यामुळे फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं, आणि कुत्रा बरोबर आणायचा नाही. हे नियम मनापासून पाळावेत, कारण वाट त्यांच्यावरच टिकून आहे. मिनार्डचा पडका किल्ला समुद्राच्या अगदी काठावर आहे; १६५० मध्ये इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या सैन्याने तो सुरुंगाने उडवला. खालच्या किनाऱ्यावर लाटांनी गोल गुळगुळीत केलेले प्रचंड धोंडे आहेत.

आणि मग पब. चिखलाने माखलेले बूट, भिजलेलं जॅकेट, अशाच अवतारात आत जायचं. एकटी असाल तर कोपऱ्यातलं टेबल धरू नका, काउंटरपाशी उंच स्टुलावर बसा. तिथे बसलेल्या माणसाशी बोलणं हा इथला रिवाजच आहे. "कुठून चालत आलीस?" इथून सुरुवात होते आणि पुढच्या टप्प्यावर चिखल कुठे आहे हेही कळून जातं. दारू घेतलीच पाहिजे असं अजिबात नाही. मी गरम भाज्यांचं सूप आणि ब्राउन ब्रेड मागवते, वर चहा. कुणी वळून बघत नाही. शेजारी आजोबा, लहान मुलं, सगळेच असतात.

डिंगलमध्ये तर एका पबच्या एका बाजूला दारूचा काउंटर आणि दुसऱ्या बाजूला हार्डवेअरचं दुकान आहे. रात्री तिथल्या गल्ल्यांत कुठे ना कुठे सेशन, म्हणजे लोकसंगीताची बैठक, चालू असतं: फिडल म्हणजे व्हायोलिन, टिन व्हिसल ही पत्र्याची छोटी बासरी, बोडरॉन नावाचा कातडी डफ आणि कोपराने भाता दाबून वाजवायची इलन पाइप्स. स्टेज नाही, माइक नाही. आपल्या भजनी मंडळासारखे सगळे गोल करून बसतात, कुणी नवा आला की सरकून जागा करतात. एक रील, म्हणजे नाचाची वेगवान धून, संपेपर्यंत दुसरी सुरू झालेली असते. फक्त हलक्या आवाजात कुणी एकटं गायला लागलं की अख्खा पब गप्प होतो. तेव्हा फोन काढू नका.

यायचंच असेल तर मे-जूनमध्ये या. जूनअखेर रात्री दहापर्यंत उजेड असतो, घाई होत नाही. गावातली स्वयंपाकघरं मात्र लवकर बंद होतात, जेवण आधी मागवा. डिंगलच्या आसपास पाट्यांवर गावांची नावं फक्त आयरिशमध्ये असतात, म्हणून दोन्ही नावं लिहून ठेवा. मुक्कामाच्या घरमालकिणीला सकाळी वाट सांगून निघा. अडचण आली तर ११२ वर फोन. आणि पाय दुखले तर ट्रॅली–डिंगल बस अ‍ॅनस्कॉलला थांबते, राहिलेला टप्पा तिने करा.