गालावरची चामखीळ

मळ्यातल्या समाधीवर बसवायला वडिलांचा फोटो दगडावर कोरून हवा, म्हणून तासगावकडचे एक गृहस्थ माझ्या सांगलीतल्या लेझर कोरीवकामाच्या दुकानात आले. फोटो कसला, जुन्या ओळखपत्रावरून सोडवलेला पासपोर्ट साइज. हनुवटीपासून गालापर्यंत जांभळ्या शिक्क्याची कमान. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो मी घेत नाही, चेहऱ्याचे चौकोन होतात. मूळ प्रतच घेऊन १२०० डीपीआयला, म्हणजे इंचाला १२०० ठिपके, स्कॅन केली.

काळ्या ग्रॅनाइटचं गणित लाकडाच्या उलटं. लाकूड लेझरने जळून काळं पडतं, ग्रॅनाइटचं पॉलिश फुटून पांढुरका ठिपका उमटतो. म्हणून फोटो निगेटिव्ह करून द्यायचा. त्यात पांढरा फेटा म्हणजे वैरीच. तसाच सोडला तर तेवढा भाग सलग फुटतो आणि डोक्यावर चुन्याचा गोळा ठेवल्यासारखा दिसतो. मी फेट्याचा पांढरा जरा करड्याकडे ओढला, घड्यांच्या सावल्या गडद केल्या, मागची भिंत पार काळी केली. शिक्का काढण्यात दोन तास गेले. मग २५४ डीपीआय, म्हणजे मिलिमीटरला १० रेघा, आणि डिदरिंगला, म्हणजे करड्या छटा ठिपक्यांत मोडायला, जार्विस ही पद्धत. याहून दाट रेघा दिल्या की ठिपके एकमेकांत मिसळतात, मिशी आणि ओठ एक होतात. ‘डीपीआय वाढवा की’ म्हणणाऱ्यांना हे सांगून सांगून मी थकलोय.

६ बाय ८ इंचांची लादी पाऊण तासात झाली. मी खूश. संध्याकाळी ते आईला घेऊन आले. आजींनी बराच वेळ पाहिलं.

“फेटा बराबर हाय. पर ह्यांच्या गालावरची चामखीळ कुटं गेली?”

“असू दे गं आई,” मुलगा म्हणाला. मी स्कॅन उघडून मोठा केला. शिक्क्याच्या कडेलाच होती. शाईचा डाग समजून मीच पुसली होती.

काळ्या शाईचं टिंब देता आलं असतं, पण मळ्यातल्या उन्हापावसात ते किती टिकणार? नवी लादी घेतली, पैसे एकीचेच लावले. दगडात काळं दाखवायचं तर तिथं लेझर मारायचाच नाही. ज्वारीच्या दाण्याएवढी जागा कोरी सोडली.

दुसऱ्या दिवशी आजींनी आधी अंगठाच फिरवला. सगळा गाल खरखरीत, तेवढंच गुळगुळीत.

“हां. हितंच हुती.”

पहिली लादी दुकानात ठेवायला मन होईना. पॉलिशवाल्याकडे घासायला दिली.