नूरनं कोणतं गुपित पळवलं?

नूर इनायत खानचा विषय काढला की हा प्रश्न ठरलेला: "ती हेर होती ना? मग तिनं जर्मनांचं नेमकं कोणतं गुपित पळवलं?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. एकही नाही. ते तिचं कामच नव्हतं.

वडील बडोद्याचे; सयाजीरावांच्या आश्रयानं गायनशाळा काढणाऱ्या मौलाबक्षांचे नातू. नूर वाढली मात्र पॅरिसजवळ. जून १९४३ मध्ये ब्रिटनच्या एसओई या गुप्त संघटनेनं तिला छोट्या विमानानं व्याप्त फ्रान्समध्ये उतरवलं, वायरलेस ऑपरेटर म्हणून. भूमिगतांना शस्त्रं हवीत, पैसे हवेत, ती कुठल्या रात्री कुठल्या शेतात टाकायची, हे सगळं लंडनशी मोर्समधून ठरायचं. ऑपरेटर गेला की अख्खा गट मुका.

आणि जायचा तोच आधी. सूटकेसमधला सेट पंधरा किलोंच्या आसपास, तो चारचौघांतून न्यायचा. एरियलची लांबलचक तार कुणाच्या नजरेत न येता टांगायची. संदेश सांकेतिक लिपीत बसवायचा आणि ठरल्या वेळी वाजवायचा. तोवर जर्मनांच्या दिशाशोधक गाड्या गल्लीच्या तोंडाशी! सहा आठवडे टिकलात तरी खूप, असा तेव्हाचा हिशेब. नूर पोचली आणि आठवडाभरात तिच्या गटाची धरपकड सुरू झाली. परत ये म्हटलं तरी ती हटली नाही. जागा बदलत ऑक्टोबरपर्यंत संदेश पाठवत राहिली. शेवटी सापडली तीही गाड्यांना नाही, फितुरीनं.

तिच्याबरोबर तिची वहीही सापडली. पाठवलेले संदेश त्यात उतरवून ठेवलेले. यावरून तिला भाबडी ठरवणारे पुष्कळ भेटतात. वही ठेवायला नको होती, कबूल. पण चौकशीत तिनं तोंड उघडलं नाही, हे ते सोयीनं विसरतात. माझा राग लंडनच्या साहेबांवर आहे. जर्मन तिच्या सेटवरून, तिच्या नावानं संदेश धाडत राहिले आणि हे महिनोन्महिने खरे मानत बसले.

त्याच संदेशांच्या भरवशावर २९ फेब्रुवारी १९४४ च्या रात्री काही एजंट पॅराशूटनं उतरवले गेले. खाली जर्मन वाटच पाहत होते. त्या एजंटांत मादलेन दामरमाँ होती. १३ सप्टेंबरला डाखाऊच्या छळछावणीत नूरला मारलं, तेव्हा तिच्यासोबत आणखी तिघी होत्या. त्यांतली एक हीच.