प्रोमपर्यंत

2015च्या ऑक्टोबरात, नागपुरात धंतोलीतल्या एका रुग्णालयात मी वाचोपचारतज्ज्ञ म्हणून काम करत असताना, 82 वर्षांच्या एका आजींना माझ्याकडे आणले होते. मेंदूच्या डाव्या भागाला झटका आल्याने त्यांचा उजवा हात लुळा पडला होता आणि वाचा गेली होती. अशा रुग्णांना स्वतःचे नावसुद्धा सांगता येत नाही, मात्र लहानपणी घोकलेले आकडे, वार किंवा आरती पुष्कळदा सलग म्हणता येते. म्हणून आम्ही मोजण्यापासून सुरुवात करतो. मी "एक" म्हणाले. आजींनी डाव्या हाताच्या बोटांवर अंगठा टेकवत स्पष्ट उच्चारले, "तित्, न्हित्, थोन्, ले, ङा..."

मुलाला वाटले, आई बरळते आहे. पण तीनदा मोजायला लावले तेव्हा तिन्ही वेळा क्रम तोच आला, म्हणून त्यांच्या परवानगीने मी तो आवाज मोबाइलवर टिपला. धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीवर आलेल्या म्यानमारच्या एका भिक्खूंनी तो ऐकताच ओळखला: ते बर्मी भाषेतले एक ते दहा होते.

मुलगा बराच वेळ गप्प होता. "आईचे वडील ब्रह्मदेशात रेल्वेत होते, एवढंच माहीत आहे, मॅडम," तो म्हणाला. "विचारलं की म्हणायची, 'काय करतो तू ते ऐकून?'" मग त्याला आठवले, की आई रोज रात्री उशाशी पाण्याचा भरलेला तांब्या ठेवी आणि तो कुणी उचलला तर फार अस्वस्थ होई.

23 डिसेंबर 1941 रोजी रंगूनवर जपानी बॉम्ब पडले, तेव्हा आजी आठ वर्षांच्या असणार. त्या शहरातली निम्मी वस्ती भारतीयांची होती. त्यानंतरच्या काही महिन्यांत लाखो भारतीय चालत देशाकडे निघाले. अनेकांनी प्रोम शहरातून किनाऱ्यावरच्या तौंगूपची डोंगरवाट धरली, आणि त्या वाटेवर पाण्याचे हाल आणि पटकी यांनी किती माणसे गेली याचा नीट हिशेब कुणी ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी मी ब्रह्मदेशाचा नकाशा पलंगावर पसरला. बहुभाषक रुग्णाची जी भाषा आधी परतते, तिचा हात धरून दुसरीकडे जाता येते, हा माझा उपचाराचा हेतू होता. मुलाची आशा वेगळी होती, आणि तीही मला समजत होती. आजींचे बोट रंगूनवर टेकले, तिथून रेल्वेच्या रेषेवरून सावकाश वर सरकत प्रोमपर्यंत आले आणि थांबले. मग त्यांनी ते उचलले. डोंगरांवरून हवेतच नेले आणि थेट चितगावावर ठेवले.

"आणि मधे, आई?" मुलाने विचारले.

इतक्या वर्षांच्या कामात, बोलता न येणाऱ्याचा आणि बोलायचे नसणाऱ्याचा चेहरा मला वेगळा ओळखू येतो. मी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. आजींनी एका हाताने नकाशा जुन्या घड्यांवर दुमडला, बाजूच्या तांब्याकडे पाहिले आणि पहिल्यांदाच मराठीत म्हटले, "भर."

तो उठून पाणी आणायला गेला.