तुम्ही विचारलंत म्हणून: पेंग्विन्सचं दुसरं गाणं

पेंग्विन्स या अमेरिकन गायकगटाचं 'अर्थ एंजल' ऐकवलं की कुणीतरी विचारतंच, "इतका गोड गळा, मग दुसरं गाणं का नाही हो चाललं?" प्रश्नाचा राग नाही, त्यातल्या 'बिचारे' या सुराचा येतो.

लॉस एंजेलिसची चार कृष्णवर्णीय पोरं, 1954 साल, गॅरेजमधलं रेकॉर्डिंग, तबकडीची मागची बाजू. आर अँड बीच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या 'रिदम अँड ब्लूज' संगीताच्या यादीत पहिलं, पॉपच्या यादीत आठवं. हे तुम्हाला पाठ आहे. पण 1955 बद्दल कुणी विचारत नाही.

डूवॉपचं, म्हणजे गटानं सुरांची साथ देत गायच्या त्या शैलीचं हेच गाणं टोरंटोच्या क्रू-कट्स या गोऱ्या चौकडीनं लगोलग गायलं आणि पॉपच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर नेलं. त्यांची तबकडी मर्क्युरी कंपनीची. आणि आपल्या छोट्या डूटोन या रेकॉर्ड कंपनीशी फाटल्यावर पेंग्विन्स गेले कुठे? त्याच मर्क्युरीकडे! मॅनेजर बक रॅमनं कंपनीला अट घातली, पेंग्विन्स हवे असतील तर माझा दुसरा गायकगट, प्लॅटर्सही घ्या. साडीबरोबर ब्लाउजपीस यावा तसे प्लॅटर्स आले. त्याच वर्षी प्लॅटर्सचं 'ओन्ली यू' गाजलं, पुढच्या वर्षी 'द ग्रेट प्रिटेंडर' थेट पहिल्या क्रमांकावर. ज्यांच्यासाठी सौदा झाला, त्यांना तिथे एकही पॉप हिट मिळालं नाही.

पूर्वी मी ठासून सांगायचे की रॅमनं पोरांचा बळी दिला. आता तेवढं छातीठोक बोलवत नाही. मर्क्युरीतल्या त्यांच्या तबकड्या मी ऐकल्यात. खरं सांगायचं तर पुन्हा लावाव्याशा वाटत नाहीत. 'अर्थ एंजल'सुद्धा त्यांनी तिथे नव्यानं गायलं. नीटनेटकं आहे, पण गॅरेजमधला तो कच्चा, थोडा धांदरट जीव त्यात नाही. मग दोष रॅमचा कसा? पण 'ओन्ली यू' रॅमनंच लिहिलेलं. तसं एखादं यांना का नाही दिलं? इथे आलं की माझं जुनं मत पुन्हा उसळतं.

आणि ते संपले वगैरे नव्हते. मुख्य गायक क्लीव्हलंड डंकन पुढेही पेंग्विन्स म्हणून गात राहिला. 1963 मध्ये फ्रँक झप्पा या, पुढे रॉक संगीतकार म्हणून गाजलेल्या पण तेव्हा फारसं कुणाला माहीत नसलेल्या तरुणानं गायक रे कॉलिन्सच्या साथीनं त्यांच्यासाठी 'मेमरीज ऑफ एल माँटे' लिहिलं. त्यात डंकन जुन्या डूवॉप गाण्यांच्या ओळी आळवतो, स्वतःच्या गाण्याचीही. तेही चाललं नाही. मी ते दर वेळी लावते. तोवर निम्मी मंडळी चहाला उठलेली असतात, आणि परत येऊन तोच प्रश्न विचारतात.